उभ्या जंगलाला किंमत लावायची, तर कोणत्या पद्धतीनं?

जंगलाची किंमत किती, हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे की तो आकडा कुठल्या निर्णयासाठी हवा आहे. जमीन चराईला द्यावी, रोपवन करावं की आहे तसं राखावं हे मालकाला ठरवायचं असेल तर एक पद्धत लागते, नुकसानभरपाईच्या दाव्याला दुसरी आणि प्रवेशशुल्क ठरवायला तिसरी. पद्धत चुकली की गणित कितीही काटेकोर केलं तरी उत्तर भलत्याच प्रश्नाचं येतं.

आणि किंमत काढायची ती बदलाची. "या जंगलाचं एकूण मूल्य" हा आकडा भाषणात शोभतो, निर्णयाला उपयोगी पडत नाही. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्था सेवांचं, म्हणजे निसर्ग जे फुकट पुरवतो त्याचं, वार्षिक मूल्य ३३ लाख कोटी डॉलर काढलं. त्यांनी तुलनेला धरलेलं जगाचं एकूण उत्पन्नच सुमारे १८ लाख कोटी होतं. लक्ष वेधायला आकडा उत्तम, पण अमुक २०० हेक्टर तोडावेत का, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

बाजारभाव: सर्वात सोपी पद्धत, म्हणून सर्वात जास्त चुका

लाकूड, बांबू, डिंक, मध, फळं, चारा यांची उत्पादनं मोजायची, भावानं गुणायची, खर्च वजा करायचा. ज्याला जमिनीचा वापर ठरवायचा आहे त्यानं सुरुवात इथूनच करावी. पण तुलना करताना काळाचा हिशेब सांभाळावा लागतो, आणि बहुतेक अहवाल घसरतात ते इथेच.

उदाहरण घ्या. चलन कोणतंही धरा, व्याजदर ५ टक्के. रोपवन २० वर्षांनी तोडलं तर हेक्टरी निव्वळ १०,००० मिळतात, ४० वर्षांनी तोडलं तर २८,०००. एकाच पिकाचं आजचं मूल्य काढलं तर २० वर्षांचं ३,७६९ आणि ४० वर्षांचं ३,९७७ येतं, म्हणजे थांबणं फायद्याचं. शेजारी चराईचा पर्याय आहे. तो दरवर्षी २५० देतो, कायमचा. म्हणजे आजचे ५,०००. चराई जिंकली?

नाही. चराई अनंतकाळाची धरली आणि रोपवन एकाच पिकाचं. २० वर्षांनी जमीन मोकळी होते, तिच्यावर पुन्हा लावता येतं, हे हिशेबात आलंच नाही. जर्मन वनाधिकारी मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्ये हेच सूत्र मांडलं: मिळकतीला चक्रवाढ गुणकानं (तेवढ्या वर्षांत १ चे व्याजासह जितके होतात त्या आकड्यानं) भागायचं नाही, गुणकातून १ वजा करून जे उरेल त्यानं भागायचं. तसं केलं की २० वर्षांचं चक्र ६,०४९ देतं आणि ४० वर्षांचं ४,६३६. क्रम पार उलटला: २० वर्षांचं रोपवन, मग चराई, मग ४० वर्षांचं रोपवन. (लागवडीचा खर्च सोपेपणासाठी सोडला आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक चक्राच्या सुरुवातीला धरावा लागतो.) १९७६ मध्ये रिचर्ड हार्टमन यांनी यात उभ्या झाडांपासून दरवर्षी मिळणारा लाभ मिसळला. पाणी, सावली, पक्षी, पर्यटन यांचं मूल्य जुन्या झाडांबरोबर वाढत असेल तर कटाईचं वय पुढे जातं. लाभ पुरेसा मोठा असेल तर कधीच न तोडणं हेच सर्वात किफायतशीर ठरतं.

गौण वनोपजाचा, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या मालाचा, गाजलेला हिशेब पेरूमधल्या मिशाना इथल्या जंगलाचा. चार्ल्स पीटर्स, आल्विन जेन्ट्री आणि रॉबर्ट मेंडेलसोन यांनी १९८९ मध्ये एका हेक्टरातल्या २७५ वृक्षजाती मोजल्या. त्यांतल्या ७२ जातींपासून बाजारात विकता येईल असं काही ना काही मिळत होतं. फळं आणि रबराच्या चिकातून वर्षाला निव्वळ ४२२ डॉलर. ५ टक्क्यांनी भागून ८,४४०, त्यातली एक चतुर्थांश फळं पुनरुत्पादनासाठी जंगलातच सोडून ६,३३०. याउलट सगळं लाकूड एकदम तोडून मिळाले असते १,००० डॉलर.

आकडा वाचून लोक हुरळले. खाचा नंतर दिसल्या. मोजली गेली ती झाडावर लागणारी फळं, प्रत्यक्ष गोळा होऊन विकली जाणारी फळं नव्हेत. बाजारपेठ, म्हणजे इकितोस शहर, तीसेक किलोमीटरवर होती. जंगलात जसजसं आत जावं तसतशी नासकी फळं आणि वाहतूक नफा खातात. सगळ्याच हेक्टरांतून माल आला तर भाव कोसळतो. एका हेक्टरचा आकडा लाख हेक्टरांनी गुणू नये तो यासाठीच.

आणखी एक गोष्ट या आकड्यांतच दडलेली आहे. वर्षाला उरणारे ३१६ डॉलर आणि आज हातात पडणारे १,००० यांची बरोबरी सुमारे ३१.६ टक्के व्याजाला होते. म्हणजे ज्या कुटुंबाला सावकाराकडून याहून महाग कर्ज घ्यावं लागतं, त्याच्यासाठी झाड तोडणं हाच शहाणपणाचा हिशेब असतो. त्याला जंगलाचं महत्त्व पटवून उपयोग नाही, स्वस्त कर्ज देऊन आहे.

वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही याच पद्धतीनं मोजतात, आणि बहुधा कमी मोजतात. वाघानं किंवा बिबट्यानं जनावर मारलं तर त्याचा बाजारभाव नोंदला जातो. पण त्या वेताचं दूध, पुढचं वासरू, रात्रीच्या राखणीची मजुरी, आणि डुकरांच्या भीतीनं पेरलंच नाही ते शेत? न पेरलेल्या शेताचा पंचनामा होत नाही. म्हणून भरपाईचा दर ठरवताना नुकसानीच्या नोंदींसोबत राखणीचे तास आणि बदललेलं पीक यांची वेगळी पाहणी करावी.

पर्यायी खर्च: तीन अटी पुऱ्या झाल्या तरच

जंगल जे फुकट करतं तेच यंत्रानं करायला किती लागेल? सल्लागारांची ही आवडती पद्धत, कारण आकडा मोठा येतो आणि लवकर येतो. ती वापरायची तर तीन अटी तपासा. पर्याय तेवढीच आणि तीच सेवा देतो का? तो सर्वात स्वस्त पर्याय आहे का? आणि जंगल गेलं तर लोक खरोखर तो खर्च करतील का? बहुतेक हिशेब तिसऱ्या अटीवर कोसळतात.

न्यूयॉर्क शहराचं पाणी हे तिन्ही अटी पाळणारं उदाहरण. तिथे नियमच असा होता की पाणलोट क्षेत्र राखा, नाहीतर गाळणी प्रकल्प बांधा. प्रकल्पाचा अंदाज ६०० ते ८०० कोटी डॉलर, शिवाय दरवर्षी चालवण्याचा खर्च. जिथून पाणी येतं ते कॅटस्किल्स डोंगरांचं पाणलोट राखायला १०० ते १५० कोटी. १९९७ मध्ये शहरानं वरच्या भागातल्या गावांशी करार केला. पर्याय कायद्यानं अटळ होता, म्हणून आकड्याला अर्थ होता.

याच्या उलट टोकाला हा नेहमीचा हिशेब: इतकी माती वाहून जाते, तिच्यात इतकं नत्र आणि स्फुरद, गुणिले खताचा भाव. मातीतला बराच अन्नांश पिकाला लगेच मिळण्याजोगा नसतोच, आणि कोणताही शेतकरी तेवढं खत विकत आणणार नाही. त्यापेक्षा उत्पन्नात किती घट येते ते मोजा. आकडा लहान येईल, पण टिकेल.

प्रवासखर्च: पर्यटन असेल तर पहिली पसंती

१९४७ मध्ये हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्रातून सुचवलेली ही कल्पना, मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये प्रत्यक्षात उतरवली. प्रवेश फुकट असला तरी लोक प्रवासाचा खर्च करतातच, आणि लांबचे लोक कमी येतात. त्यातून मागणीची रेषा मिळते.

समजा तीन पट्टे आहेत. जवळच्या ५० हजार लोकांना येण्याचा खर्च २० पडतो आणि हजारी ४० जण येतात. मधल्या २ लाखांना खर्च ६०, हजारी २४. लांबच्या १० लाखांना खर्च १००, हजारी ८. रेषा सरळ आहे आणि खर्च १२० झाला की कुणीच येत नाही. प्रत्येक पट्ट्यात १२० पर्यंतच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं की संतोषाधिक्य, म्हणजे लोक जितकं द्यायला तयार होते आणि जितकं प्रत्यक्ष लागलं त्यातला फरक, मिळतं: हजारी २,०००, ७२० आणि ८०. लोकसंख्येनं गुणून १,००,०००, १,४४,००० आणि ८०,०००. बेरीज ३,२४,०००. एकूण भेटी १४,८००, म्हणजे दर भेटीला सुमारे २२.

बिघडतं कुठे? लांबून येणारा पाहुणा एकाच फेरीत चार ठिकाणं बघतो, त्याचा सगळा खर्च या जंगलाच्या नावे टाकला की किंमत फुगते. प्रश्नावलीत "या फेरीत आणखी कुठे?" हा प्रश्न हवाच. प्रवासाच्या वेळेची किंमत मजुरीच्या एक तृतीयांश धरायची प्रथा आहे. ती सोयीसाठी पडली आहे, म्हणून शून्य आणि पूर्ण मजुरी धरूनही गणित करून दाखवा. आणि ही पद्धत न येणाऱ्यांबद्दल गप्प असते. दुर्गम दलदल, जिथे कुणी फिरकत नाही, तिची किंमत या हिशेबानं शून्य.

थेट विचारणं: वापर नसलेल्या मूल्यासाठी दुसरा मार्ग नाही

जो प्राणी आपण कधी बघणार नाही तो जगावा असं वाटणं, हे अस्तित्वमूल्य. जॉन क्रुटिला यांनी ते १९६७ मध्ये अर्थशास्त्रात आणलं. याचा मागमूस कोणत्याही बाजारात नसतो, त्यामुळे लोकांना विचारावंच लागतं. १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या तेलगळतीनंतर अलास्का राज्यासाठी केलेल्या पाहणीत मध्यक (रकमांच्या क्रमात मधोमध येणारं) कुटुंब अशी गळती टाळायला एकदाच सुमारे ३१ डॉलर द्यायला तयार होतं. देशभराच्या कुटुंबांनी गुणून २८० कोटी डॉलर. सरकारांचा दिवाणी दावा १९९१ मध्ये ९० कोटींवर मिटला. या वादातून केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीनं १९९३ मध्ये दंडक घालून दिले: समोरासमोर मुलाखत घ्या, "किती द्याल" असं मोकळं न विचारता ठरावीक रकमेवर हो-नाही मत घ्या, आणि उत्तराआधी खिशाची आणि इतर पर्यायांची आठवण करून द्या.

दोन चाचण्या नसतील तर असा अहवाल स्वीकारू नका. पहिली व्याप्तीची. एका प्रसिद्ध पाहणीत २,०००, २०,००० आणि २,००,००० स्थलांतरित पक्षी वाचवायला लोकांनी सरासरी ८०, ७८ आणि ८८ डॉलर देऊ केले. पक्षी शंभरपट, रक्कम जवळपास तीच, म्हणजे लोक चांगुलपणाची वर्गणी सांगत होते. नमुना फोडून निम्म्या लोकांना लहान क्षेत्राबद्दल आणि निम्म्यांना मोठ्याबद्दल विचारा. दुसरी चाचणी हक्काची. १९७४ मध्ये जड हॅमक आणि गार्डनर ब्राऊन यांच्या अभ्यासात बदकांचे शिकारी हंगामी हक्कासाठी २४७ डॉलर द्यायला तयार होते, पण तोच हक्क सोडायला १,०४४ मागत होते. जंगल आधीपासून ज्यांचं आहे त्यांना "राखायला किती द्याल?" असं विचारणं म्हणजे त्यांचा हक्क नाकारून प्रश्न सुरू करणं. समितीनं पैसे देण्याची बाजू विचारा म्हटलं ते आकडा आटोक्यात राहावा म्हणून. हक्काचा निवाडा त्यात नाही. रोकड कमी असलेल्या गावात रुपयांऐवजी श्रमाचे दिवस विचारलेले बरे.

जमिनीच्या किमतींवरून जंगलाचं मोल काढणारी पद्धत इथे थोडक्यात उरकतो. ती शेकडो खऱ्या खरेदीखतांवर चालते. ग्रामीण भागात व्यवहार कमी आणि नोंदलेला भाव खऱ्यापेक्षा खाली, त्यामुळे शहरालगतच्या वनाशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. दुसरीकडचा आकडा उचलून इथे लावणं फक्त प्राथमिक चाळणीसाठी ठीक.

पद्धतीहून मोठा फरक कशानं पडतो

वटाव दरानं, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायला धरलेल्या व्याजदरानं. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० ची आजची किंमत ३ टक्क्यांनी २२.८, ८ टक्क्यांनी २.१ आणि १० टक्क्यांनी १ पेक्षाही कमी. ब्रिटिश सरकारच्या मूल्यांकन नियमावलीत पहिली ३० वर्षं ३.५ टक्के, ३१ ते ७५ वर्षांसाठी ३ आणि ७६ ते १२५ वर्षांसाठी २.५, असा उतरता दर आहे. निदान तीन दरांनी उत्तर मागा, आणि दर बदलला की चराई, रोपवन, जंगल या सगळ्यांचा बदला.

दुसरी गोष्ट दुहेरी मोजणीची. पाणी धरण्याची किंमत आणि त्याच पाण्यानं वाढलेल्या पिकाची किंमत, दोन्ही मोजू नका. कार्बनमध्ये हे सर्रास होतं. १०० टन सुक्या जैवभारात (झाडांच्या सुक्या वजनात) सुमारे ४७ टन कार्बन, ३.६७ नं गुणून १७२ टन कार्बन डायऑक्साइड. तोडायचं की नाही, या निर्णयात हे १७२ टन एकदा येतात. वार्षिक लाभात फक्त त्या वर्षीची वाढ येते.

तिसरी, पैसा कुणाच्या हातात पडतो. मायकेल नॉर्टन-ग्रिफिथ्स आणि क्लाइव्ह साउदी यांनी १९९५ मध्ये केनियाच्या संरक्षित क्षेत्रांचा हिशेब मांडला. तिथे शेती आणि पशुपालन झालं असतं तर वर्षाला निव्वळ २०.३ कोटी डॉलर मिळाले असते, पर्यटन आणि वनांतून मिळत होते ४.२ कोटी. बाकीचा लाभ जगाचा, तोटा केनियाचा. असा संधी खर्च, म्हणजे दुसऱ्या वापरातून मिळालं असतं पण सोडावं लागलं ते, प्रत्येक अहवालात गावनिहाय वेगळ्या रकान्यात हवा. कोस्टा रिकानं १९९७ पासून इंधनकराच्या पैशातून जमीनमालकांना जंगल राखण्याबद्दल रक्कम द्यायला सुरुवात केली. अशी योजना आखताना जंगलाचं एकूण मूल्य बाजूला ठेवावं. लागतो तो हाच संधी खर्च, कारण मालक आपला निर्णय बदलतो तो चराईतून मिळालं असतं त्याहून थोडं जास्त मिळालं की.

वेळ आणि पैसा कमी असेल तर पहिल्या महिन्यात बाजारभाव आणि संधी खर्च काढा. जंगल तेवढ्यावरच जिंकत असेल तर पुढची महागडी मुलाखत-पाहणी करायची गरज नाही. हरत असेल तर तफावत किती ते आता कळलेलं असतं, आणि प्रश्न सोपा होतो: हेक्टरी तेवढी रक्कम पाणी वापरणारे, पर्यटक किंवा दूरचे हितचिंतक यांच्यापैकी कोण देऊ शकेल? ज्याच्याकडे बोट जाईल त्याच्यापुरतीच पुढची पद्धत निवडा.