ॲप्ट : तेच पॅकेज, तीच आवृत्ती, रोज नवा अपग्रेड

सलग नऊ दिवस माझ्या डेबियन लिनक्सवर ॲप्टचा, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या नि अद्ययावत करणाऱ्या प्रोग्रॅमचा, एकच प्रकार चालू होता. सकाळी 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड', आणि उत्तर ठरलेलं : एक पॅकेज (बसवायच्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) अपग्रेड होणार. वाय दाबायचं, फाइल उतरायची, सगळं बिनबोभाट बसायचं, एररचा मागमूस नाही. पाच मिनिटांनी पुन्हा चालवलं की तेच पॅकेज परत हजर! दहाव्या दिवशी 'अनपॅकिंग'ची ओळ नीट वाचली. कोणत्या आवृत्तीवर कोणती बसतेय ते तिथे कंसात दिसतं. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे होते.

उतरवलेल्या फाइलींची कॅशे साफ केली, पॅकेज काढून पुन्हा टाकलं, ॲप्ट ज्याच्याकरवी पॅकेज बसवतं त्या डीपीकेजीचं 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'सुद्धा चालवून पाहिलं. हा शेवटचा उपाय अर्धवट बसलेल्या पॅकेजसाठी; माझं तर पूर्ण बसत होतं.

उलगडा 'ॲप्ट पॉलिसी'ने केला. तिथे एकच आवृत्ती दोनदा दिसली : एकदा बसवलेली म्हणून, एकदा रिपॉझिटरीतली (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातली) म्हणून. ॲप्ट नुसता आवृत्तीचा क्रमांक बघत नाही. डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं), बसवल्यावरचा आकार हेही ताडून बघतं. मग बसवलेल्या पॅकेजची नोंद दाखवणारं 'डीपीकेजी -एस' आणि रिपॉझिटरीतलीही दाखवणारं 'ॲप्ट शो -ए' शेजारी ठेवून ओळीनओळ तपासली. 'इन्स्टॉल्ड-साइझ' वेगळा! हे पॅकेज बाहेरच्या एका रिपॉझिटरीतलं. तिच्या इंडेक्समध्ये, म्हणजे पॅकेजांच्या यादीत, एक आकार, प्रत्यक्ष पॅकेजच्या डेब फाइलच्या आत दुसरा. म्हणजे शंभर वेळा बसवलं तरी नोंद जुळणार नव्हती.

मी 'ॲप्ट-मार्क होल्ड' लावून त्या पॅकेजचे अपग्रेड थांबवले आणि रिपॉझिटरीवाल्यांना दोन्ही आकड्यांसकट कळवलं. होल्ड लावलात तर कुठेतरी लिहून ठेवा, कारण त्या पॅकेजचे सुरक्षा अपडेटही तिथेच अडकतात. त्यांनी इंडेक्स नव्याने बनवला, मी होल्ड काढला, आणि त्या दिवशी अपग्रेडच्या यादीत शून्य आलं. इतकं बरं वाटलं!

ॲप्टवर माझा विश्वास आहे आणि या प्रकरणाने तो वाढला, कारण चूक त्याची नव्हतीच. तरी पाचपैकी चारच तारे देते. एकच आवृत्ती पुन्हा बसवताना 'आकार जुळत नाही' एवढी एक ओळ त्याने दाखवली असती, तर माझे नऊ दिवस वाचले असते.