नेमका रेझिस्टर हाताशी नसेल तर: एकसर जोडावे की समांतर?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यात पॅनेल दुरुस्त करताना नेमक्या किमतीचा (म्हणजे हव्या तितक्या ओहमचा) रेझिस्टर नाही म्हणून प्रत्येक वेळी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठणे परवडत नाही. ठाण्याहून निघून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो. मग डब्यातल्याच दोन रेझिस्टरांतून हवा तो रोध जमवावा लागतो. बहुतेक जण केवळ आकडा जुळतो का एवढेच पाहतात. माझ्या मते प्रत्येकाच्या वाट्याला किती उष्णता आणि किती व्होल्टेज येणार, हे आधी पाहावे.

१२ व्होल्टवर ५०० ओहम जोडायचे आहेत असे समजू. रेझिस्टर ज्या ठरावीक किमतींत बनतात, त्यांच्या प्रचलित ई-१२ मालिकेत ही किंमतच नाही. ४७० आणि ३३ ओहम एकसर जोडल्यास ५०३ ओहम होतात, तर १ किलोओहमचे दोन समांतर जोडल्यास ५००. आकडे जवळपास सारखेच. परंतु एकसर जोडणीत दोघांतूनही तीच, सुमारे २४ मिलिअँपिअर, विद्युतधारा वाहत असल्यामुळे उष्णता रोधाच्या प्रमाणात वाटली जाते, आणि एकट्या ४७० ओहमवर सुमारे ०.२७ वॅटचा भार येऊन पाव वॅटचा रेझिस्टर क्षमतेपलीकडे तापतो. ३३ ओहमचा मात्र जेमतेम ०.०२ वॅट उचलतो. समांतर जोडणीत प्रत्येकावर ०.१४४ वॅट येतात. येथे निःसंशय समांतर जोडणीच करावी.

२३० व्होल्टच्या एसी लाइनवर हिशेब उलटतो. तेथे शिखर व्होल्टेज सुमारे ३२५ असते, आणि पाव वॅटच्या फिल्म रेझिस्टरची व्होल्टेज-मर्यादा सहसा २५० व्होल्टच्या आसपास असते. वॅटचा हिशेब बसला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. १०० किलोओहमचे दोन एकसर जोडले की व्होल्टेज निम्मे-निम्मे वाटले जाते आणि प्रत्येकावर सुमारे ०.१३ वॅटच येतात. समांतर जोडणीत दोघांनाही पूर्ण व्होल्टेज सोसावे लागते, म्हणून ती येथे बादच.

एखादा रेझिस्टर उघडा पडल्यास (आतून तुटल्यास) एकसर जोडणीतील धारा पूर्ण थांबते. वरच्या समांतर जोडीत मात्र रोध १ किलोओहम होऊन धारा निम्म्यावर येते, म्हणजे मंडल अर्धवट चालू राहते आणि दोष शोधणे अवघड जाते.

किंमत किंचित वाढवायची तर छोटा रेझिस्टर एकसर आणि कमी करायची तर मोठा समांतर जोडावा: मोजल्यावर १,०२० ओहम भरलेल्या रेझिस्टरला ४७ किलोओहम समांतर दिला, तर ९९८ मिळतात. मात्र पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेने धूळ बसलेल्या पीसीबीवर (सुटे भाग बसवलेल्या छापील मंडल-पट्टीवर) ओल धरते आणि मेगाओहमच्या रेझिस्टरला नकळत समांतर वाट मिळते. त्यामुळे एवढ्या मोठ्या किमती मोजताना पीसीबी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, रेझिस्टरचा एक पाय सोडवूनच मल्टिमीटर लावावा.