व्हीसॅट : अमेरिकी पाणीपुरवठ्यासाठी घडवलेले साधन तापीकाठी कितपत उपयोगी?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पाणीपुरवठा यंत्रणांतील कच्चे दुवे शोधण्यासाठी तयार केलेले ‘व्हीसॅट’ हे साधन इंटरनेटवर मोफत वापरता येते. तेथील 2018 च्या कायद्यानुसार 3,300 हून अधिक लोकांना पाणी देणाऱ्या प्रत्येक सामुदायिक यंत्रणेला जोखमीचे मूल्यांकन करून दर पाच वर्षांनी त्याचा फेरआढावा घ्यावा लागतो, आणि त्या कामी हे साधन वापरले जाते. तापीवरून पाणी उचलणाऱ्या एका शहराची माहिती मी त्यात भरून पाहिली. त्याचा पूर्वार्ध खानदेशातील पाणीपुरवठा विभागांनी अवश्य वापरावा, उत्तरार्धातील आकड्यांवर मात्र विसंबू नये, असे माझे मत झाले आहे.

पूर्वार्धात जॅकवेल (नदीतून पाणी उचलण्याची विहीर), पंप, रायझिंग मेन (पंपाने पाणी वर चढवणारी मुख्य वाहिनी), जलशुद्धीकरण केंद्र, जलकुंभ अशी एकेका घटकाची नोंद करून त्याला पूर, बिघाड, घातपात यांपैकी कशाचा धोका आहे, हे ठरवावे लागते. त्यातला परावलंबनाचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. एक्स्प्रेस फीडर, म्हणजे पंपांसाठीची स्वतंत्र वीजवाहिनी, बंद पडला तर टाकीत किती तासांचे पाणी उरते, तुरटी किंवा क्लोरीनची गाडी आली नाही तर साठा किती दिवस पुरतो, हे प्रश्न लेखी विचारले गेले की उत्तरेही लेखीच द्यावी लागतात. जळगावची भिस्त वाघूर धरणावर आहे. धुळ्याला तापी, नकाणे, डेडरगाव आणि अक्कलपाडा असे अनेक उद्भव आहेत. वरवर पाहता धुळे अधिक सुरक्षित दिसते, पण तापीचे पाणी लांबून पंपाने आणावे लागत असल्याने तेथे विजेवरचे आणि जलवाहिनीवरचे अवलंबनही वाढते. भुसावळसारख्या शहराला तर उन्हाळ्यात हतनूरच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसावे लागते, म्हणजे त्याच्या सुरक्षिततेचा निर्णय बराचसा शहराबाहेर होतो.

उत्तरार्धात परिणाम, असुरक्षितता आणि शक्यता यांचा गुणाकार करून जोखीम डॉलरमध्ये काढली जाते. नैसर्गिक आपत्तींची तयार शक्यता अमेरिकी नोंदींवर बेतलेली असल्याने ती येथे निरुपयोगीच आहे, परंतु खरी अडचण त्याहून खोल आहे. वाहिनीत अष्टौप्रहर दाबाखाली पाणी असते, हे या साधनाने गृहीत धरले आहे. आपल्याकडे नळाला पाणी येण्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या काळात वाहिनी रिकामी होते, तिच्यातला दाब नाहीसा होतो आणि गटारीशेजारच्या फुटक्या सांध्यातून घाण आत शिरते. त्यात घरोघरी थेट नळाला जोडलेल्या मोटारी ओढ वाढवतात. पाणी सुटल्यावर नळातून आधी फुसफुसत हवा येते, मग गढूळ पाणी येते, आणि वस्तीच्या शेवटच्या घरी ओटी चाचणी, म्हणजे क्लोरीन असल्यास पाणी पिवळे करणारी तपासणी, घेतली तर कित्येकदा नळीत पिवळी छटा उमटत नाही. भारतीय मानकानुसार पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन हवे. या साधनात दूषितीकरण ही क्वचित घडणारी घटना आहे. येथे ते वेळापत्रकातच बसलेले आहे, आणि त्याला कोणती शक्यता द्यावी हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

वाहिन्यांचे व्हॉल्व फिरवून गल्लीगल्लीत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्वमनला मी घटकांच्या यादीत स्वतंत्र ओळ दिली. कोणत्या चेंबरमधला व्हॉल्व अर्धाच फिरतो आणि कोणती गल्ली कोणत्या लाइनवर आहे, हे बहुधा त्यालाच ठाऊक असते; तो निवृत्त झाला की नकाशाही जातो.

रोगराईच्या अंगाने विचार करायचा असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2004 पासून पुरस्कारलेला जलसुरक्षा आराखडा आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तो उद्भवापासून घरातल्या माठापर्यंत पाण्याचा माग काढतो. व्हीसॅटची फाइल वापरणाऱ्याच्याच संगणकावर राहते, ही जमेची बाजू आहे. ती भरून झाल्यावर कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नये, कारण शहराचे पाणी कोठे तोडता येईल याची ती तयार यादीच असते.