येळ्ळूरला घरपोच नर्सिंग घेतलं, त्याचा अनुभव

पक्षाघातानंतर आण्णा बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते, म्हणून ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवणं, करावी लागली. गळ्यात नळी घेऊनच ते येळ्ळूरला घरी आले. आधी एका संस्थेची नर्स ठेवली होती. त्यांचा केअर प्लॅन, म्हणजे पेशंटसाठी काय साधायचं त्याची लेखी यादी, छापील. 'श्वासमार्ग मोकळा राहील, संसर्ग होणार नाही, चिंता कमी होईल.' कधीपर्यंत, कशावरून ओळखायचं, काहीच नाही. आठ दिवसांत आम्ही ती सेवा बंद केली.

आता बेळगावातून येणाऱ्या सिस्टर चिकोडीकडच्या. आल्या दिवशी त्या वहीपेक्षा आधी आण्णांजवळ बसल्या. "आज्जा, तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारून पाटी पुढे धरली. आण्णांनी डाव्या हातानं दोनच शब्द लिहिले : सोपा, चहा.

सोपा, म्हणजे घराची पुढची ओसरी, लगेच प्लॅनमध्ये आला. आठवड्याच्या आत खुर्चीवर बसवून सोप्यात २० मिनिटं, दिवसातून दोनदा, रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली न जाता. हा ९२ चा आकडा आमच्या डॉक्टरांनी दिलेला, पेशंटप्रमाणे तो बदलतो. चहाला मात्र सिस्टरनी स्पष्ट नाही म्हटलं. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय एक घोटही नाही, छातीत गेला तर न्यूमोनिया होईल. पण त्यांनी चहा खोडला नाही. 'तपासणीनंतर पहिला घोट' असं लिहून ठेवलं, आणि तोवर रोज तोंड स्वच्छ करायचं. आण्णांनी ती ओळ बोट फिरवून दोनदा वाचली.

बाकीची उद्दिष्टंही घरच्या माणसाला डोळ्यांनी दिसतील अशीच. सक्शनची, म्हणजे बेडका ओढून काढायची, नळी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १० ते १५ सेकंद, त्यापुढे नाही. त्या मनात आकडे मोजतात, "निधान, आज्जा, निधान" (कन्नडमध्ये 'सावकाश') म्हणत. बेडका पातळ राहिला पाहिजे. घट्ट झाला की हवेला ओलावा कमी पडतोय. गळ्याच्या पट्टीखाली एक बोट जाईल इतकीच ढील. भोकाभोवतीची कातडी लाल नाही, ओली नाही. उशाशी गळ्यातल्या नळीच्याच मापाची एक जादा नळी आणि एक माप लहान, दोन्ही कायम तयार. माझ्या आईला 'कफ' शब्दाचा घोळ व्हायचा, छातीतला कफ की नळीचा कफ? सिस्टर तेव्हापासून नळीच्या कफला, म्हणजे तिच्याभोवती हवेनं फुगणाऱ्या भागाला, फुगा म्हणतात. एवढ्या एका शब्दानं आईची भीती निम्मी झाली.

एक उद्दिष्ट आमच्यासाठी होतं : पंधरा दिवसांत माझ्या बायकोनं सिस्टरसमोर स्वतः सक्शन करून दाखवायचं. बाराव्या दिवशी तिनं केलं. हात थरथरत होता, पण केलं. रात्री आम्ही झोपू शकतो ते त्यामुळे.

तक्रार एकच. सणासुदीला बदली नर्स येते आणि तिला वही वाचायला वेळ देत नाहीत. गणपतीत आलेल्या मुलीला उशाशी ठेवलेल्या नळ्या कुठं आहेत तेच ठाऊक नव्हतं. सेवा घेणार असाल तर बदलीच्या माणसाला आदल्या दिवशी तासभर बोलावून घ्या. त्या तासाचे पैसे वेगळे मागितले तरी द्या.