नागपूर ते मुंबई: दुरांतो की समृद्धी?
आई सोबत असेल तर मी डोळे मिटून दुरांतो निवडते. रात्री नागपूर स्टेशनवर चढायचं, चादर अंथरून आडवं व्हायचं, सकाळी थेट सीएसएमटी. म्हाताऱ्या माणसाला पाय पसरता येतात, शौचालय डब्यातच असतं. हे सुख कारमध्ये नाहीच. फक्त तिकीट लवकर काढा. दिवाळीत वेटिंग हमखास.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ पासून पूर्ण खुला. निघायची वेळ आपली, वाटेत शिर्डीही होते. चौघं असाल तर डिझेल-टोल वाटून परवडतं. पण त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डुलकी लागते, म्हणून रात्री एकट्याने गाडी काढू नकाच. आणि आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात टायर तपासल्याशिवाय तर मुळीच नाही.