घरची शाळा की जिल्हा परिषदेची?
घरी लेकरू आपल्या वेगानं शिकतं. आमची मुलगी भागाकार शिकली ती कापसाच्या ढिगाजवळ: 43 किलो, चार बाया, प्रत्येकीच्या वाट्याला किती? पाटी तीनदा पुसून तिनं पावणेअकरा काढले. पण असं शिकवायला रोज दोन तास मोकळं माणूस लागतं. यवतमाळकडं वेचणीच्या दिवसांत ते कुठून आणायचं?

शाळेत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, दुपारची खिचडी अन् सोबती मिळतात. मात्र दोन गुरुजींवर चार वर्ग असले की मागं पडलेलं पोर मागंच राहतं.

घरून शिकणाऱ्याला दहावी एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळा मंडळातून देता येते. तरी मी म्हणेन, नाव शाळेतच ठेवा अन् संध्याकाळी अर्धा तास जवळ बसवून मोठ्यानं वाचून घ्या.