वाळलेल्या शाईचं पेन: पाणी, अमोनिया, अल्ट्रासोनिक की दुरुस्तीचं दुकान?

वाळलेल्या शाईने बंद पडलेलं शाईपेन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. निबेखाली जी जीभ असते तिच्यात एक अरुंद खाच असते. त्या खाचेतून शाई खाली उतरते आणि त्याच वाटेने हवा वर जाते. लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते अशाच जिभेचं, आणि आजची पेनंही त्याच तत्त्वावर लिहितात. पेन महिनोन्महिने पडून राहिलं की शाईतलं पाणी उडतं, रंग मागे राहतो आणि खाच बुजते. पाणी परत दिलं की रंग परत विरघळतो.

पण हे साध्या शाईचं झालं. सगळ्या शाया तशा नसतात, आणि सगळी पेनं पाण्यात टाकण्यासारखी नसतात. वडिलांचं किंवा आजोबांचं पेन सापडलं की माणूस उत्साहाने सर्वांत जोरदार उपाय शोधायला लागतो. गरम पाणी, स्पिरिट, ब्लेड. पेनं शाईने जेवढी खराब होत नाहीत तेवढी या उत्साहाने होतात. म्हणून उपायांची तुलना करण्याआधी आत कुठली शाई वाळली आहे आणि पेन कशाचं बनलं आहे, एवढं पाहून घ्या.

आत काय वाळलं आहे?

आपल्याकडच्या जुन्या पेनांत बहुधा कॅमल, चेलपार्क, ब्रिल, सुलेखा किंवा पार्कर क्विंक असते. यातल्या रोजच्या निळ्या आणि काळ्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. वीस वर्षं वाळल्या तरी पाण्याने सुटतात, फक्त वेळ घेतात.

ब्लू-ब्लॅक असेल तर थोडं थांबा. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक किंवा प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक या आयर्न गॉल जातीच्या, म्हणजे लोह आणि टॅनिनच्या शाया आहेत. त्यांचा काही भाग पाण्यात न विरघळणारा होऊन बसतो. यांच्यासाठी अमोनिया हा चुकीचा उपाय आहे, कारण अल्कधर्मी द्रावणात लोह विरघळण्याऐवजी साका होऊन आणखी घट्ट बसतं. यांना सौम्य आम्ल लागतं. आधी साध्या पाण्याने शक्य तेवढी शाई काढा, मग चिमूटभर ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे व्हिटॅमिन सी) कपभर पाण्यात विरघळवून त्यात निब काही वेळ ठेवा. पावडर शुद्ध हवी. चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांत साखर असते, त्या पेनात घालू नका. पावडर नसेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी चालतं. स्टीलची निब आम्लात रात्रभर ठेवायची नाही, ती गंजते. सोन्याच्या निबेला तेवढी भीती नाही.

तिसरी जात पिग्मेंट शायांची: प्लॅटिनम कार्बन, सेलर किवागुरो वगैरे. यांत रंग विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो. वाळल्यावर तो नुसत्या पाण्याने पुरता सुटत नाही. आणि कुणी चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक शाईपेनात भरली असेल तर सगळ्यात वाईट. तिच्यात लाखेसारखं बांधणारं द्रव्य असतं. असं पेन वाचेलच याची खात्री कुठलाच उपाय देत नाही.

पाणी: फुकट, संथ आणि बहुतेकदा पुरेसं

पद्धत साधी आहे. शाईची नळी किंवा कन्व्हर्टर (परत परत भरता येणारी नळी) काढा. निबेकडचा भाग पेल्यात उभा ठेवा, पाणी निब बुडून जरा वर येईल एवढंच. पाणी साधं किंवा जेमतेम कोमट. थोड्या वेळाने निबेच्या टोकातून शाईचा बारीक दोरा खाली उतरताना दिसतो. तो दिसला म्हणजे खाच उघडते आहे. पाणी गडद झालं की बदला. असं एक-दोन दिवस चालू द्या, फार जुनं पेन असेल तर आठवडाही लागतो.

याला जोड म्हणून एक वस्तू आवर्जून घ्या: मेडिकलमध्ये मिळणारा, लहान मुलांचं नाक साफ करायचा रबरी फुगा. त्याचं तोंड पकडीच्या भागाच्या मागे घट्ट बसवून पाणी दाबलं की कन्व्हर्टरने तासभरात होणार नाही ते काम काही मिनिटांत होतं. लामी सफारी, पायलट मेट्रोपॉलिटन, पार्कर व्हेक्टर अशा कार्ट्रिज-कन्व्हर्टरच्या पेनांना मला याहून चांगलं काही माहीत नाही. पेन आधी भिजलेलं असू द्या आणि दाब हळू द्या.

शेवटचं पाणी चांगलं वापरा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाळून त्याच खाचेत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असतं आणि एक बाटली कित्येक पेनांना पुरते.

उकळतं पाणी मात्र कुठल्याच पेनाला नको. एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, जीभ गरम पाण्यात मऊ पडते आणि निबेपासून सुटून वाकते. कारागीर जीभ निबेला जुळवून घ्यायला हाच गुण वापरतात, पण ते हेतूने आणि हात ठेवून करतात. काळं एबोनाइट गरम पाण्याने तपकिरी-हिरवट पडतं. सेल्युलॉइड वेडंवाकडं होतं. आणि केसिनचं, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकचं, जुनं विलायती पेन असेल तर ते पाण्यात बुडवायचंच नाही, ते पाणी पिऊन फुगतं.

साबण आणि अमोनिया: दोन्ही एका रांगेत बसवू नका

पाण्याने काम अडलं तर पुढची पायरी म्हणजे पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब. साबण तेलकटपणा आणि चिकटलेले कण सोडवतो, पिग्मेंट शाईला तर हाच पहिला उपाय. धोका जवळपास शून्य. फक्त नंतर भरपूर खळबळून घ्या, कारण साबण राहिला तर पुढची शाई कागदावर फुटते.

अमोनिया जास्त ताकदीचा आहे. बाहेर मिळणारे तयार पेन फ्लश, म्हणजे पेन धुवायची द्रावणं, बऱ्याचदा पाणी, थोडा अमोनिया आणि साबणाचा थेंब एवढ्यावरच बनतात. परदेशी कृतींत ‘घरगुती अमोनिया एक भाग, पाणी नऊ भाग’ असं लिहिलेलं असतं. ते प्रमाण आपल्याकडे जसंच्या तसं उचलू नका. तिथला घरगुती अमोनिया पाच ते दहा टक्क्यांचा असतो. आपल्याकडे केमिकलच्या दुकानात मिळणारा लिकर अमोनिया साधारण पंचवीस टक्क्यांचा. तो पाव लिटर पाण्यात ५ मिली घातला तरी जवळपास अर्धा टक्का होतो, आणि तेवढा पुरे. हातमोजे घाला, खिडकी उघडा, बाटलीवर तोंड आणू नका. कपडे पांढरे करायच्या ब्लीचशी अमोनिया कधीही, चुकूनही मिसळायचा नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

अमोनिया तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियमला खातो. पितळी अंगाच्या किंवा ॲल्युमिनियमचे भाग असलेल्या पेनाला तो लावू नका, आणि लावायचाच तर निब-जिभेला अर्ध्या तासापुरता. माझं मत स्पष्ट सांगतो: घरात एक-दोनच पेनं असतील आणि शाई साधी असेल तर अमोनिया आणण्याची गरज नाही. साबणाचं पाणी आणि आणखी दोन दिवस, एवढ्यावर भागतं.

स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांची तुलनाच नको. अल्कोहोलने अक्रिलिकला बारीक तडे जातात आणि जुन्या पेनांतली सांधे जोडणारी लाख विरघळते. ॲसिटोनने अनेक प्लास्टिकं सरळ वितळतात.

अल्ट्रासोनिक मशीन

चष्म्याच्या दुकानात आणि सोनाराकडे असतं तेच. साधारण ४० किलोहर्ट्झच्या कंपनांनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि हात पोचत नाही तिथला मळ सुटतो. पिग्मेंट आणि चमकीच्या शायांना, आणि पापुद्र्यांच्या जिभांना हा खरोखर फरक पाडतो. दोन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, मध्ये पाणी बदलून.

पण त्यात फक्त सुटी केलेली निब आणि जीभ किंवा पकडीचा भाग जावा. अख्खं पेन, आत शाई साठवणारी रबराची पिशवी, मुलामा दिलेली कडी, रंगवलेलं किंवा शिंपल्याचं काम असलेलं अंग हे बाहेर. दहा-बारा पेनं रोज फिरवणाऱ्याने मशीन जरूर घ्यावं. एका पेनासाठी ओळखीच्या चष्मेवाल्याला विनंती करा, आणि त्याच्या टाकीतलं औषधी पाणी काढून साधं पाणी घालायला सांगा. माझ्या दृष्टीने भिजवण्याला हा पर्याय नाही. भिजवल्यानंतर उरलेल्या शाईसाठी तो आहे.

उघडायचं की नाही?

इथे पेनाच्या जातीवर सगळं अवलंबून आहे. एअरमेल, रत्नम किंवा कॅमलिनची जुनी ड्रॉपरने शाई भरायची पेनं उघडायला सर्वांत सोपी: पकडीचा भाग आट्यांवरून सुटतो, आणि निब व जीभ नुसत्या घट्ट बसवलेल्या असतात. रात्रभर भिजवल्यावर दोन्ही एकत्र, रबराच्या तुकड्यात धरून सरळ ओढायच्या. पिळायचं नाही, कोरड्या पेनावर जोर तर मुळीच नाही, कारण एबोनाइटची जीभ कट्‌कन तुटते. जीभ बाहेर आली की मऊ टूथब्रशने खाच स्वच्छ होते, आणि दोन दिवसांचं भिजवणं पंधरा मिनिटांत आटपतं. या जातीच्या पेनाला मी उघडणंच सुचवेन.

पार्कर ५१ अगदी उलट. १९४१ मध्ये आलेल्या या पेनात निब एका टोपीखाली (पुढचा कायमचा भाग, वरचं टोपण नव्हे) झाकलेली आहे आणि आत पापुद्र्यांचा कलेक्टर आहे, जो बरीच शाई धरून बसतो. टोपी लाखेने चिकटवलेली असते. ती सोडवायला नेमकी ऊब लागते, आणि ऊब जास्त झाली तर अंग बिघडतं. १९४८ पासूनच्या एरोमेट्रिक ५१ मध्ये दाबायची पट्टी असते. पाणी भरा, पट्टी दाबून काढा, पुन्हा भरा, निब खाली करून पेल्यात ठेवा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत दिवसेंदिवस हेच. कंटाळवाणं आहे, पण उघडण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. आपल्याकडे घरोघरी दिसणारं चिनी हीरो ६१६ याच धाटणीचं आहे, पण त्याची टोपी आट्यांवर फिरून निघते; भिजवून हलक्या हाताने प्रयत्न करायला हरकत नाही.

पिस्टनने शाई ओढणाऱ्या पेनाचा मागचा फिरवायचा कान फिरत नसेल तर जोराने फिरवू नका. वाळलेल्या शाईने पिस्टन भिंतीला चिकटलेला असतो. जोर लावला की दांडा तुटतो, आणि मग सफाईचं काम दुरुस्तीचं होतं. आधी निबेकडून भिजवा, तो स्वतःहून सैल होईल.

एक सवय मात्र सोडायलाच हवी. शाळेत आपण निबेच्या फटीत अर्धं ब्लेड घालत असू. दाढीचं ब्लेड साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतं. फट साफ करायला वापरतात ती पितळी पट्टी त्याच्या निम्मी. ब्लेडने मळ निघतो, पण निबेची टोकं कायमची फाकतात.

दुकानात कधी द्यावं?

रबराची पिशवी कडक होऊन तुटली असेल, पेन सेल्युलॉइडचं किंवा केसिनचं असेल, ५१ ची टोपी उघडावीच लागत असेल, किंवा निब सोन्याची आणि पेन घरातलं शेवटचं स्मरण असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा. हैदराबादच्या आबिड्समधलं १९२८ पासूनचं डेक्कन पेन स्टोअर्स किंवा कोलकात्याच्या एस्प्लनेड भागातलं पेन हॉस्पिटल ही या कामासाठी नावाजलेली ठिकाणं. कुठेही दिलंत तरी आधी विचारा की पेन उघडताना कोरडी ऊब वापरणार का, आणि स्पष्ट सांगा की अंगाला पॉलिश करायचं नाही. पॉलिशच्या चाकावर अंगावरची कोरलेली अक्षरं जातात आणि ती परत येत नाहीत.

शाईला कुबट वास येत असेल किंवा निबेवर बुळबुळीत तंतू दिसत असतील तर ती वाळलेली शाई नाही, बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती सहज धरते. ती बाटली फेकून द्या, दुसरं पेन त्या शाईत बुडवू नका आणि या पेनाचा पेला वेगळा ठेवा.

सफाई झाली की निब टिश्यूत गुंडाळून, टोक खाली करून रात्रभर उभी ठेवा. सकाळी टिश्यूवर रंग नसेल तर साधी धुता येणारी निळी शाई भरा. ब्लू-ब्लॅक किंवा चमकीची शाई पहिल्या भरण्याला नको. पाणी मोकळं येत होतं पण शाईने ओळ मध्येच तुटते, असं झालं तर परत भिजवत बसू नका. निबेची टोकं फार जवळ आली असतील किंवा जीभ निबेपासून सुटली असेल. ते काम पाण्याचं नाही, कारागिराचं आहे.